पडद्यामागचं टेबल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात जा. बाहेर चार-सहा खुर्च्या. आत डॉक्टरांचं टेबल, बीपीचं यंत्र, भिंतीवर धन्वंतरी किंवा साईबाबा आणि एखाद्या औषध कंपनीचं कॅलेंडर. कोपऱ्यात हिरवा पडदा आणि त्याच्यामागे तपासणीचं टेबल. त्या टेबलावर काय असतं ते एकदा बघाच. सॅम्पलच्या गोळ्यांचे खोके, सलाईनच्या बाटल्या, जुन्या फायली. पुरुषाचं पोट दुखत असेल तर खोके बाजूला सारून त्याला आडवं केलं जातं. बाईचं ओटीपोट दुखत असेल तर बहुतेक वेळा खोके जागचे हलत नाहीत. तिला बसल्या जागी दोन प्रश्न विचारले जातात. "पाळी वेळेवर येते ना?" आणि "लग्न झालंय का?" मग चिठ्ठी.

माझं म्हणणं सरळ आहे. 'फॅमिली डॉक्टर' अशी ओळख मिरवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस, स्त्रियांच्या आरोग्याचं सक्तीचं प्रशिक्षण असायला हवं. व्याख्यान ऐकून सही करण्याचं नव्हे, हाताने करून शिकण्याचं. आणि नोंदणीचं नूतनीकरण त्यावर अवलंबून असायला हवं. ते जमत नसेल तर 'फॅमिली' हा शब्द सोडून द्यावा. फॅमिलीतली निम्मी माणसं बायका असतात.

हे लिहिताना फॅमिली डॉक्टरांबद्दल मनात राग नाही, हे आधीच सांगून टाकते. रात्री दोन वाजता तापलेल्या पोराला बघणारा, उधारीवर औषध देणारा, आजोबांच्या शेवटच्या दिवसांत रोज जिना चढून येणारा माणूस तोच असतो. कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर ते मिळत नाही. प्रश्न सज्जनपणाचा नाहीच. सज्जन माणसालाही जे कधी शिकवलंच नाही ते येत नसतं, आणि येत नाही हे त्याला कळतही नसतं. मग आजारी बाईची समजूत घातली जाते. "बायकांचं असंच असतं." हे वाक्य आपल्याकडे निदान म्हणून चालतं.

आता तो लग्नाचा प्रश्न घेऊ. डॉक्टरांना खरं तर विचारायचं असतं की शरीरसंबंध आलाय का, गरोदर असण्याची शक्यता आहे का. ते विचारायची लाज वाटते, म्हणून लग्न मध्ये घालायचं. यात कुणाची लाज राखली जाते कोण जाणे, पण वैद्यकीय माहिती मात्र चुकीची मिळते. लग्न न झालेल्या बावीस वर्षांच्या मुलीची पाळी दीड महिना चुकलीय आणि एका बाजूला पोट दुखतंय. डॉक्टरांच्या कागदावर 'अविवाहित' लिहिलं गेलं की गर्भनलिकेतल्या गर्भाची शंकाच बाद होते. अशा गर्भाने नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ही शंका फेडायला लघवीची एक साधी पट्टी लागते, कुठल्याही मेडिकलवर मिळणारी. पण ती पट्टी करायला सांगायची तर आधी खरा प्रश्न विचारावा लागतो.

उलटही होतं. लग्न झालेली बाई उलट्या होतात म्हणून आली की गोड बातमी, आणि लग्न होऊन तीन वर्षं झालेली बाई पाळीत खूप दुखतं म्हणून आली की "एक मूल होऊ द्या, सगळं बरं होईल." मुलगी अविवाहित असेल तर "लग्न झालं की बरं होईल." हे सल्ले महाराष्ट्रातल्या किती घरांत ऐकले गेलेत याची मोजदाद कुणी केलेली नाही, ओळखीच्या पाच जणींना विचारा म्हणजे झालं. दर महिन्याला मुलगी अंथरुणात गडाबडा लोळत असेल, कॉलेजला दांडी मारत असेल, शौचाला जाताना कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, पोटात इतरत्र वाढतात असा हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एकीला तो असतो. निदान व्हायला बऱ्याच जणींची कित्येक वर्षं जातात. त्यातली पहिली काही वर्षं कुठे जातात? याच खुर्चीत, याच टेबलासमोर. एंडोमेट्रिओसिसवर उपचार करावेत अशी फॅमिली डॉक्टरकडून अपेक्षा नाही. शंका घ्यावी, दुखणं सुरू व्हायच्या आधी मेफेनॅमिक अॅसिड कसं सुरू करायचं ते सांगावं, आणि तरीही थांबत नसेल तर नावासकट चिठ्ठी देऊन पुढे पाठवावं. एवढंच.

पीसीओडीचं तर विचारूच नका. तुमच्यापैकी कितीजणींच्या मोबाईलमध्ये सोनोग्राफीचा तो फोटो आहे? पंधरा-सोळाव्या वर्षी पाळी पुढेमागे झाली, आईने डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली, रिपोर्टात 'पॉलिसिस्टिक' शब्द आला आणि मुलीवर जन्माचा शिक्का बसला. "वजन कमी करा, नाहीतर मूल होणार नाही." पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून हे निदान करू नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही तसंच चित्र दिसतं. हे वाक्य शिकवायला पाच मिनिटं लागतात. ते न शिकवल्यामुळे एक अख्खी पिढी स्वतःला वांझ होणार समजून वावरतेय.

आता जरा मागे जाऊ, १९८९ मध्ये. त्या वर्षी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. त्यांनी ६५० बायकांना तपासलं. 'तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या' बायका नव्हेत, गावात राहणाऱ्या बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक संसर्गाचा एक तरी आजार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला तीनपेक्षा जास्त. आणि त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झाले होते अशा बायका होत्या फक्त ८ टक्के. जगभर या आकड्यांनी खळबळ उडाली. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन अशीच समजूत होती. गरोदर नसलेली बाईही आजारी असते, हे जगाला महाराष्ट्रातून सांगितलं गेलं.

त्यानंतर महाराष्ट्राने काय केलं? अभिमान बाळगला. पुरस्कार दिले. बंग दांपत्याची व्याख्यानं ठेवली. पण त्या ९२ टक्क्यांना ज्याच्याकडे जावं लागतं त्या डॉक्टरच्या शिक्षणात काय बदललं, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

अंगावरून पांढरं जाणं ही त्या आजारांतली सगळ्यात साधी तक्रार. गावात तिला 'धुपणी' म्हणतात, 'पांढरं जातंय' म्हणतात. काही पाणी जाणं हे निरोगीपणाचंच लक्षण असतं, पाळीच्या मधल्या दिवसांत तर असतंच. कधी दह्यासारखं आणि खाजेचं असतं, ती बुरशी. कधी माशासारखा वास येतो, कधी हिरवट फेस, कधी ओटीपोटात दुखणं आणि ताप. यांची औषधं वेगळी आहेत, आणि काहींत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर बाई बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच. आपल्या दवाखान्यात काय होतं? एका पाकिटात चार गोळ्या येतात, एक अॅझिथ्रोमायसिन, एक फ्लुकोनाझोल, दोन सेक्निडाझोल. काहीही असो, हे पाकीट. सोबत कॅल्शियम, कारण पांढरं गेल्याने हाडं झिजतात हा समज पेशंटचा असतो आणि डॉक्टरही तो खोडत नाहीत. नवऱ्याचा विषयच निघत नाही. तो बाहेर मोटरसायकलवर बसलेला असतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने लक्षणांवरून उपचार करण्यासाठी रंगीत पाकिटांची पद्धत कधीच बसवून दिली आहे. योनीदाहाला हिरवं, ओटीपोटातल्या सुजेला पिवळं, असं. प्रयोगशाळा नसलेल्या डॉक्टरसाठीच ती केली आहे. त्या पद्धतीतही आधी तपासणी आहे, जोडीदार आहे, पुन्हा यायची तारीख आहे. आपण त्यातल्या फक्त गोळ्या उचलल्या.

आणि हे पाकीट तीन-चार वेळा घेऊनही बरं वाटलं नाही की पुढे काय होतं, ते बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य हादरलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. मुकादमाचा दंड, पाळीतली सुट्टी न परवडणं, फडावर पाणी नसणं, खाजगी दवाखान्यांची हाव, या सगळ्यावर लिहिलं गेलं आणि ते खरंच होतं. मग नियम आला की जिल्ह्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अंमलात आणाव्यात असं बजावलं.

हे सगळं पहारेकरी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे केले. तिथवर पोचणाऱ्या बाईची वाट कुठून सुरू होते, तिकडे कुणी पाहिलं नाही. ती पहिल्यांदा सर्जनकडे जात नाही. ती गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरकडे जाते. अंगावरून जातंय, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं. तो न तपासता पाकीट देतो. पुन्हा जाते, पुन्हा पाकीट. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो म्हणतो, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कुठली बाई परत फडावर जाईल? काही ठिकाणी या चिठ्ठीमागे कमिशनही असतं. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये तयार करून घेतला होता. कायदा काही झाला नाही. पण कमिशन बाजूला ठेवा. प्रामाणिक डॉक्टरसुद्धा त्या बाईला तिथेच पाठवतो, कारण चौथ्या भेटीनंतर त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. स्पेक्युलम घालून गर्भाशयाचं तोंड बघणं त्याला येत नाही. जास्त रक्तस्राव गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने आटोक्यात येतो, हे त्याने कधी करून पाहिलेलं नाही. अज्ञान आणि हाव या दोघांची चिठ्ठी एकाच पत्त्यावर जाते.

मग डॉक्टर शिकतात तरी काय? एमबीबीएसला स्त्रीरोग आणि प्रसूती हा मोठा विषय आहे, जाड पुस्तकं आहेत. इंटर्नशिपच्या वर्षात या विभागात सात आठवडे काढावे लागतात. त्यातले बरेचसे दिवस सरकारी हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये जातात. कळा मोजणं, टाके घालणं, रक्त आणायला धावणं, फॉर्म भरणं. ते शिकणं मोलाचं आहे, त्याने आयांचे जीव वाचतात. पण पुढे जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर बाळंतपणं करत नाही. त्याच्यासमोर येणार आहे पाळी न थांबणारी मुख्याध्यापिका, खाज सांगायला लाजणारी सून, हसताना लघवी सुटणारी आजी. या बायका बाह्यरुग्ण विभागात भेटतात, आणि तिथे एका स्टुलाभोवती पंधरा विद्यार्थी उभे असतात. स्पेक्युलम हातात मिळतं ते पीजीच्या मुलांना. मुलगे असतील तर त्यांना पडद्याबाहेरच थांबवतात. परीक्षेला मात्र बाहुलीचं डोकं ओटीपोटाच्या सांगाड्यातून कसं फिरतं ते सगळ्यांना पाठ असतं.

बीएएमएसला प्रसूतितंत्र आणि स्त्रीरोग असा स्वतंत्र विषय आहे, बीएचएमएसलाही आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत आणि उपनगरांत 'लेडी डॉक्टर' म्हणून ज्या मॅडम बसतात त्यांतल्या पुष्कळजणी याच पदव्यांच्या, आणि गावातल्या बायकांचं अर्धं ओझं त्यांनीच पेललं आहे. पण पेशंट हाताळायला मिळणं तिथे कॉलेजगणिक बदलतं. पदवीनंतर शिकवायला येतो तो एमआर. दुपारी दोन वाजता बॅग घेऊन, चकचकीत पान उघडून. चार गोळ्यांचं पाकीट, पाळी पुढे ढकलायची गोळी, 'पीसीओडीसाठी' पावडर, सगळं त्याच पानांवरून येतं. त्याच्याइतका नियमित प्राध्यापक डॉक्टरला आयुष्यात दुसरा भेटलेला नसतो.

या राज्यात डॉक्टरांच्या पात्रतेवर भांडण होत नाही असं नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून अॅलोपॅथीची औषधं लिहायची मुभा दिली गेली. २०२५ मध्ये त्यांच्या वेगळ्या नोंदणीवरून वाद पेटला, डॉक्टरांनी संप केला, न्यायालयात तारखा पडल्या. कोण कुठलं औषध लिहिणार यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने लेख लिहिले. त्या भांडणात एकाही बाजूने असं म्हटलं नाही की आमच्याकडे या, आमचा डॉक्टर तुमचं गर्भाशयाचं तोंड नीट तपासू शकतो, समोरच्याचा तपासू शकत नाही. म्हटलं असतं तर पेशंटने निदान ऐकलं तरी असतं.

आता आक्षेप. पहिला, नेहमीचा: बायकाच तयार होत नाहीत. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला लाजतात. लाजतात, खरं आहे. मग त्याच बाईने सोनोग्राफी सेंटरमध्ये अनोळखी पुरुषाकडून तपासून घेतलं, ऑपरेशन टेबलावर घेतलं, ते कसं? तिथे तिला सांगितलेलं असतं की हे गरजेचं आहे. तपासणी का हवी, काय करणार, दुखेल का, मध्येच थांब म्हणालात तर थांबेन, आणि दुसरी बाई सोबत असेल, हे सांगणं हेसुद्धा एक कौशल्य आहे. तेच शिकवलेलं नाही. डॉक्टरांना वाटणारी भीतीही मी मान्य करते. एकट्या दवाखान्यात उद्या कुणी आरोप केला तर? त्यावर उपाय जुना आहे. मदतनीस बाई. कंपाउंडर म्हणून पुरुषाऐवजी एका बाईला नोकरी द्या, तपासताना तिला उभी करा. तिचा पगार परवडत नाही म्हणाल, तर मग वर्षाला किती सॅम्पल आणि किती सहली परवडतात तेही सांगा.

दुसरा आक्षेप: गायनॅकॉलॉजिस्ट आहेत की. शहरात आहेत. तिथेही त्यांची फी, त्यांची गर्दी, आणि "तिथे गेलं की लोक काय म्हणतील" ही अविवाहित मुलीची धास्ती. तालुक्याच्या पुढे गेलं की ते नाहीतच.

तिसरा आक्षेप, हे काम नाजूक आहे, तज्ज्ञाचंच आहे. याला उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी दिलेलं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी जवळपास दीड लाख बायकांचा बारा वर्षं अभ्यास केला. त्यात अर्ध्याजणींची गर्भाशयमुखाची तपासणी केली ती डॉक्टरांनी नव्हे, दहावी शिकलेल्या आरोग्य सेविकांनी. त्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का ते बघायचं. एवढ्यावर त्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याआधी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एचपीव्हीच्या एकाच चाचणीने असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणून दाखवले होते. दोन्ही अभ्यास महाराष्ट्राच्या मातीतले, जगभर शिकवले जाणारे. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झाली असं सांगणाऱ्या किती? १.९ टक्के. दहावी शिकलेल्या ताईला चार आठवड्यांत जे येतं, ते साडेपाच वर्षं शिकलेल्या माणसाला येऊ नये, असा कुठला नियम आहे?

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मात्र गर्भनिरोधन आणि गर्भपाताच्या बाबतीत, आणि ते तुमच्या वयाच्या वाचकांचं होतं. त्याच सर्वेक्षणात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३, आणि गर्भनिरोधक गोळी ५.१ टक्के. म्हणजे दोन मुलांआधी काही नाही आणि नंतर थेट ऑपरेशन. मधली दहा वर्षं कुणी बोलायचं? अर्धशिशीसोबत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात त्या मुलीला इस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायची नसते, पस्तिशीनंतर सिगारेट ओढणारीला द्यायची नसते, बीपी मोजल्याशिवाय तर कुणालाच द्यायची नसते. किती डॉक्टर हे विचारून गोळी लिहितात? लिहीत नाहीतच बहुतेक. "हार्मोनच्या गोळ्या वाईट, सवय लावू नका" म्हणून मोकळे होतात. तेच डॉक्टर सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलायची हार्मोनची गोळी मात्र एकही प्रश्न न विचारता लिहून देतात.

गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहित बाईपुरतं होतं. २०२१च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असं सांगितलं. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला आई-वडिलांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने 'लग्न झालंय का' हा प्रश्न सोडून दिला. दवाखान्याने सोडलेला नाही. नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करून देण्यासाठी एमबीबीएस डॉक्टरने देखरेखीखाली अशा दहा केसेस केलेल्या असल्या तरी चालतं. दहा! किती फॅमिली डॉक्टरांनी त्या दहा पुऱ्या केल्या? 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात दीड कोटीहून जास्त गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या मिळवून, स्वतःच्या स्वतः. महाराष्ट्रात तर तपासणीच्या धसक्याने कित्येक मेडिकलवाले त्या गोळ्या ठेवतच नाहीत. म्हणजे मुलगी इंटरनेटवर, मित्राच्या मित्राकडे. ओळखीचा डॉक्टर गल्लीत असूनही ती त्याच्याकडे जात नाही, कारण तो संध्याकाळी तिच्या बाबांना भेटतो. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना गर्भपात करायची कायद्याने मुभा नाही. पण कायदा काय म्हणतो, जवळचं मान्यताप्राप्त केंद्र कुठे आहे आणि तोंड बंद कसं ठेवायचं, हे सांगायला कुठली पदवी लागते?

पाळी जाण्याच्या वयातल्या आयांबद्दलही लिहायला हवं होतं. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, म्हणजे घाम, धडधड, झोप उडणं हे सगळं चाळिशीतच सुरू होतं आणि बीपीची किंवा झोपेची गोळी घेऊन परत येतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रक्तक्षयाचंही तसंच. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या सगळे देतात. "पाळीत दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का?" हे विचारत नाहीत. नळ उघडा ठेवून टाकी भरत बसायचं.

करायचं काय ते आता सांगते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते कसे मिळतात हे डॉक्टरांना ठाऊक आहे: हॉटेलचा हॉल, औषध कंपनीचं बॅनर, जेवण, सही. त्या तीसांतले दहा स्त्रीआरोग्यासाठी राखा, आणि ते हॉलमध्ये मिळू देऊ नका. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात बसून मिळवायचे. इतक्या स्पेक्युलम तपासण्या, इतक्या व्हिनेगरच्या, इतक्या तांब्या बसवल्या, इतक्याजणींना गर्भनिरोधक निवडायला मदत केली, अशी वही आणि त्यावर शिकवणारीची सही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदांनी आपल्या डॉक्टरांना हाच नियम लावावा. बाईचं शरीर पॅथी बघून बदलत नाही. शिकवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर तयार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. त्या रोज तांब्या बसवतात. एमबीबीएस डॉक्टरांनी एएनएमच्या हाताखाली आठवडाभर शिकावं हे काहींना झेपणार नाही, हे मला माहीत आहे, पण त्यांचा अहंकार हा अभ्यासक्रमाचा आधार होऊ शकत नाही.

त्या वहीत अजून एक गोष्ट हवी. वारंवार डोकं दुखतं, हात मुरगळला, झोप येत नाही म्हणून येणाऱ्या बाईला घरी कुणी मारतं का, हे कसं विचारायचं. महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारातल्या एकीने नवऱ्याची हिंसा सोसली आहे, असं तेच सर्वेक्षण सांगतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं त्याला वीसहून जास्त वर्षं झाली, आणि तिथे हेच शिकवलं जातं. ते दादरच्या दवाखान्यापर्यंतही पोचलेलं नाही, तिथे दर्यापूरचं काय बोलायचं.

तोवर तुमच्या हातात काय आहे? दवाखान्यात गेलात तर शेवटच्या पाळीची तारीख स्वतःहून सांगा आणि ती कागदावर लिहून घेतात का बघा. न तपासता पाकीट दिलं तर निदान काय केलंत ते विचारा. तपासायचं असेल तर सोबत बाई हवी म्हणा, तो तुमचा हक्क आहे. जोडीदाराला औषध लागेल का, हेही विचारा. दोन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर पुढची पायरी काय, हे उठायच्या आधी वदवून घ्या. आईसोबत जाल तेव्हा तिच्यासाठीही विचारा, ती स्वतःहून बोलणार नाही. आणि लग्न झालंय का असं डॉक्टरांनी विचारलं, तर शांतपणे विचारा की डॉक्टर, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? ते विचारा, मी उत्तर देते.